गुंठा, आर आणि जोडीचं ऑब्जेक्ट: स्काला शेलमधल्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२३, शनिवार

२५ तारखेला जुन्नर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिवसभराची कार्यशाळा आहे. आठ-दहा जण येतील. बहुतेक कॉमर्स किंवा बीएस्सी शिकलेले, दोघं-तिघं शेती करणारे. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून द्यायची. ‘हॅलो वर्ल्ड’चा मला कंटाळा आलाय, त्यामुळे विषय त्यांच्या घरातला घेतला: सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाचायचं आणि ते एकर-गुंठ्यांत सांगायचं. कागदावर हेक्टर, आर, चौरस मीटर आणि बोलण्यात एकर, गुंठे. ही गाठ प्रत्येक घरात रोज सोडवली जाते, बहुतेक वेळा अंदाजाने.

भाषा स्काला, कारण ऑफिसात रोज तीच लिहितो. आवृत्ती २.१२, कारण तिथला स्पार्क (प्रचंड माहितीवर काम करणारी प्रणाली) २.१२ वर बांधलेला आहे आणि मला दोन आवृत्त्या डोक्यात ठेवायच्या नाहीत. सगळं शेलमध्येच करायचं. ओळ लिहिली, एंटर मारला, उत्तर समोर. शिकवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

क्लासची आणि मेथडची नावं देवनागरीत ठेवणार. स्कालाला ते चालतं. नावात कोणतं अक्षर चालेल हे त्याचा स्कॅनर (कोडची अक्षरं वाचणारा भाग) जावा या भाषेच्या युनिकोड तपासणीला विचारतो आणि ती तपासणी काना-मात्रा-वेलांट्यांनाही हो म्हणते. क्लास, ऑब्जेक्ट, डेफ हे शब्द मात्र रोमनच राहणार.

आकडे पक्के करून ठेवतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, म्हणून गुंठा १०१.१७१४१०५६ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा आणि आर इतके जवळ आहेत की लोक सर्रास एकाला दुसरं म्हणतात. एका गुंठ्याला फरक सव्वा चौरस मीटरहूनही कमी, पण दहा एकरांत तो साडेचार गुंठ्यांच्या वर जातो. बांधावरून भांडणारी माणसं साडेचार गुंठे सोडत नाहीत.

४ जून, रविवार

क्षेत्रफळ नावाचा क्लास, म्हणजे वस्तू बनवायचा साचा. पोटात एकच आकडा, चौरस मीटर, बिगडेसिमलमध्ये, म्हणजे नेमक्या दशांशात. डबल हा नेहमीचा, किंचित अंदाजी आकडा वापरला तर शेपटीला ०.०००००००१ लटकतं आणि मग ते समजावण्यात अर्धा तास जातो.

कंस्ट्रक्टर, म्हणजे वस्तू बनवणारा भाग, प्रायव्हेट ठेवला, बाहेरच्यांना बंद. नुसता ‘१२०’ आला तर तो १२० गुंठे, १२० आर की १२० चौरस मीटर? म्हणून समोरचं दार बंद, आणि आत यायला जोडीच्या ऑब्जेक्टमध्ये तीन नावांची दारं: गुंठ्यांतून, एकरातून, सातबाऱ्यातून. स्कालात जावासारखं स्टॅटिक नाही. जे एकेका वस्तूचं नाही, सगळ्या जातीचं आहे, ते क्लासच्याच नावाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवायचं. त्यालाच कंपॅनियन ऑब्जेक्ट म्हणतात. जोडीतले दोघे एकमेकांचं प्रायव्हेट पाहू शकतात, म्हणून बंद दाराची किल्ली ऑब्जेक्टकडे असते.

शेलमध्ये क्लास टाईप केला. एंटर. ‘डिफाइन्ड क्लास क्षेत्रफळ’. छान. मग ऑब्जेक्ट टाईप केला. एंटर. लाल अक्षरांत आलेल्याचा मराठीत अर्थ असा: क्षेत्रफळ या क्लासचा कंस्ट्रक्टर क्षेत्रफळ या ऑब्जेक्टमधून वापरता येत नाही.

म्हणजे किल्ली दिलेली, तरी दार उघडेना. दोन्ही नावं अक्षर-अक्षर जुळवली. हाच मजकूर फाईलमध्ये घालून कंपाइल केला (संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलून घेतला) तर एका फटक्यात पार. शेलमध्ये नाही.

रात्री उशीर झाल्यावर मी प्रायव्हेट हा शब्दच काढून टाकला आणि झोपलो. इथे लिहितोय ते लाज वाटावी म्हणून.

६ जून, मंगळवार

प्रायव्हेट परत घातलं आणि शांतपणे पाहिलं. प्रायव्हेट नसताना एरर येत नाही, तेव्हा शेल एक वॉर्निंग देतो, आणि रविवारी रात्री मी ती वाचलीच नव्हती: आधी सांगितलेला क्लास क्षेत्रफळ हा या ऑब्जेक्टचा कंपॅनियन नाही, कंपॅनियन एकत्रच सांगावे लागतात, त्यासाठी पेस्ट मोड (अनेक ओळी एकदम द्यायची सोय) वापरून पाहा. रोग आणि औषध, दोन्ही एकाच वाक्यात.

कारण असं आहे. आपल्याला शेल म्हणजे एक लांबच लांब फाईल वाटते, आपण तिच्या शेवटी ओळी जोडत जातो. तसं नसतं. आपण जे काही एका वेळी देतो, त्याच्याभोवती शेल गुपचूप एक वेष्टण घालतो आणि तेवढंच स्वतंत्र कंपाइल करतो. पुढच्या ओळीला नवं वेष्टण, आणि मागची नावं त्यात इम्पोर्ट करून, म्हणजे आत आणून, दिलेली. क्लासचं पूर्ण नाव छापून पाहिलं तर डॉलरांची माळ दिसते: डॉलर लाइन आणि आकडा, मग डॉलर रीड, मग डॉलर आयडब्ल्यू एकात एक. माझा क्लास एका आकड्याच्या लाइनमध्ये, ऑब्जेक्ट पुढच्या आकड्याच्या. आडनाव एक असून घरं वेगळी.

आणि स्कालाचा नियम कडक आहे. नाव एक हवं, एकाच फाईलमध्ये हवं, एकाच स्कोपमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच आवारात, हवं. दोन वेगळ्या फाइलींत ठेवले तर साधा कंपायलरही अडवतो. त्यामागे विचार आहे. प्रायव्हेटची किल्ली कुणालाही मागाहून बनवता आली, तर प्रायव्हेटला अर्थच उरत नाही. कुणीही माझ्या क्लासच्या नावाचं ऑब्जेक्ट लिहून आत शिरेल. शेलने नियम मोडला नाही, पाळला. माझीच शेलबद्दलची समजूत चुकीची होती.

१० जून, शनिवार

आजचा दिवस पूर्ण एका चुकीत गेला, आणि ही चूक एरर देत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

क्षेत्रांची यादी लावायची होती, लहान ते मोठं. स्कालात यादी लावायला त्या जातीचं ऑर्डरिंग, म्हणजे कोण आधी याचा नियम, लागतं. ते इम्प्लिसिट (न सांगता लागू होणारं) म्हणून जोडीच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवलं की कंपायलर आपणहून शोधतो, इम्पोर्ट करावा लागत नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट पेस्ट मोडमध्ये एकत्र दिले. यादी नीट लागली.

मग मनात आलं, कार्यशाळेत मोठं आधी दाखवू. ऑर्डरिंग उलटं केलं. क्लासला हात लावायचं कारण नव्हतं, म्हणून बाण वर दाबून फक्त ऑब्जेक्ट नव्याने दिलं. दारं तूर्त काढून त्यात ऑर्डरिंग तेवढं ठेवलं होतं. शेलने घेतलं. ती ओळखीची वॉर्निंग आली, मी ‘माहीत आहे’ म्हणून पुढे गेलो. यादी लावली. लहान ते मोठं. पुन्हा लावली. लहान ते मोठं.

तासभर मी उलटं करण्याच्या कोडमध्येच दोष शोधत बसलो. दोष तिथे नव्हता. यादीतल्या वस्तू जुन्या क्लासच्या होत्या, आणि त्या क्लासचा खरा जोडीदार जुनं ऑब्जेक्ट, पहिल्या पेस्टमधलं. मी नवं ऑब्जेक्ट लिहिल्याने ते नाव माझ्या नजरेआड गेलं, मेलं नाही. कंपायलर इम्प्लिसिट शोधताना मला काय दिसतं ते विचारत नाही, तो क्लासच्या जातीला विचारतो, ‘तुझा जोडीदार कोण?’ क्लास प्रामाणिकपणे जुन्याचं नाव सांगतो. मी हाताने नाव लिहितो तेव्हा नवं ऑब्जेक्ट मिळतं, कंपायलर शोधतो तेव्हा जुनं. एकाच स्क्रीनवर, एकाच नावाने, दोन.

सुरुवातीपासूनच वेगवेगळे दिले असते तर निदान उघड सांगितलं असतं की क्षेत्रफळासाठी ऑर्डरिंग नाही. ते परवडलं. बरोबर दिसणारी जुनी वागणूक जास्त महाग पडते.

त्यावर एक पळवाट लगेच सुचते: नव्या ऑब्जेक्टमधलं सगळं इम्पोर्ट करायचं. मग यादी उलटी लागते. पण हा लेप आहे. जोडी जुळत नाहीच, प्रायव्हेट दार बंदच राहतं, आणि नवशिक्याला वाटतं की इम्प्लिसिट नेहमी इम्पोर्ट करावा लागतो. कार्यशाळेत हे दाखवायचं नाही.

माझ्यापुरता नियम: जोडीतल्या एकाला बदललं तरी दोघांनाही पुन्हा एकत्र द्यायचं, आणि आधी बनवलेल्या वस्तू टाकून नव्याने बनवायच्या. जुन्या वस्तू ठेवल्या तर पुढे ‘मिळालं क्षेत्रफळ, हवं होतं क्षेत्रफळ’ अशी एरर येते. ती पहिल्यांदा वाचणारा संगणक बंद करून चहाला जातो.

१२ जून, सोमवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, घरूनच काम. पावसाचा पत्ता नाही.

जोडी एकत्र ठेवायच्या वाटा करून पाहिल्या. कोलन-पेस्ट लिहून एंटर, मजकूर, शेवटी कंट्रोल-डी. सर्वांत स्वच्छ. मधे रिकाम्या ओळी असल्या तरी चालतं. साध्या शेलमध्ये अर्धवट क्लासच्या मधे दोन ओळी रिकाम्या गेल्या तर तो ‘नवी आज्ञा सुरू’ म्हणून सगळं टाकून देतो. मजकुरात टॅब असतील तर साध्या शेलला वाटतं आपण नाव पूर्ण करून मागतोय.

दुसरी वाट, क्लासचा बंद होणारा महिरपी कंस, त्याच ओळीवर अर्धविराम आणि लगेच ‘ऑब्जेक्ट क्षेत्रफळ’ आणि उघडणारा कंस. वाक्य अपुरं राहतं म्हणून शेल वाट पाहतो, आणि दोघं एका वेष्टणात जातात. दिसायला वाईट, पण पेस्ट मोड समजावण्याआधी हे दाखवलं तर कारण लगेच कळतं.

तिसरी, दोघांना बाहेरून एका ऑब्जेक्टमध्ये घालून मग आतलं इम्पोर्ट करायचं. कोलन-लोडने फाईल आणली तर मात्र फसगत होते. फाईल आहे म्हणून जोडी जुळेल असं वाटतं, पण तो ती आपण टाईप केल्यासारखी तुकड्या-तुकड्याने वाचतो. त्याऐवजी कोलन-पेस्टपुढे फाईलचा पत्ता द्यायचा, म्हणजे ती अखंड वाचली जाते. फरक एका शब्दाचा, आणि मी आजवर लोडच वापरत होतो.

नुकतीच ३.३ आली आहे, तीही उघडून पाहिली. तिथे कोलन-पेस्ट ही आज्ञाच नाही. वेष्टणाची गोष्ट मात्र तीच. कार्यशाळेला २.१२ वरच राहतो.

१४ जून, बुधवार

खातेदार नावाचा केस क्लास, म्हणजे माहिती ठेवायचा सोपा क्लास, केला: नाव आणि त्याचं क्षेत्र. केस क्लासला जोडीचं ऑब्जेक्ट कंपायलर स्वतःच देतो, म्हणून न्यू हा शब्द न लिहिता वस्तू बनवता येते. पुढच्या ओळीवर मी माझं खातेदार ऑब्जेक्ट लिहिलं, त्यात एक सहज मेथड. त्यानंतर खातेदार बनवायला गेलो तर ऑब्जेक्टला आर्ग्युमेंट (कंसातल्या किमती) देता येत नाहीत अशी तक्रार. कंपायलरने दिलेलं ऑब्जेक्ट माझ्या ऑब्जेक्टच्या आड गेलं. पेस्टमध्ये एकत्र दिले की कंपायलर आपलं सामान माझ्याच ऑब्जेक्टमध्ये मिसळतो आणि तक्रार मिटते.

जिरायत आणि बागायत यांच्यासाठी सील्ड ट्रेट (वारस मर्यादित असलेला सामाईक प्रकार) वेगळ्या ओळीवर ठेवून पाहिला. तोही अडतो, कारण सील्ड म्हणजे वारस त्याच फाईलमध्ये हवेत. कारण तेच, औषधही तेच.

१७ जून, शनिवार

आज वाटलं की शेलवर भूत बसलंय.

माझी सहकारी कार्यशाळेत मदतीला येणार आहे. तिने एक नवा क्लास लिहायला घेतला: सातबाऱ्याची_नोंद. क्लास मी लिहून पाठवला, ऑब्जेक्ट तिने लिहिलं. पेस्ट मोडमध्ये एकत्र दिलं, आणि पुन्हा तीच एरर: सातबाऱ्याची_नोंद या क्लासचा कंस्ट्रक्टर सातबाऱ्याची_नोंद या ऑब्जेक्टमधून वापरता येत नाही. यावेळी वॉर्निंगही नाही.

ती फोनवर म्हणाली, ‘अरे, तूच म्हणालास ना की एकत्र दिलं की झालं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकत्रच तर दिलं होतं.

जेवणानंतर सुचलं. दोन्ही नावं अवतरणात टाकून शेललाच त्यांची लांबी विचारली. क्लासचं नाव १६. ऑब्जेक्टचं १७.

गोची ‘ऱ्या’त होती. मराठीचा हा अर्धा र, दऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांतला, दोन तऱ्हांनी टाईप होतो. माझा कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत घालतो. तिच्या फोनचा कीबोर्ड साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक, झिरो विड्थ जॉइनर, घालतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एक. जावाच्या तपासणीला हा अदृश्य जोडक नावात चालतो, त्यामुळे स्काला हू की चू करत नाही. दोन वेगळी नावं म्हणून ठेवून घेतो. आणि ऑब्जेक्टच्या आतली न्यूची ओळ तिने माझ्या क्लासमधून कॉपी केली होती, म्हणून ती खऱ्या क्लासलाच जाऊन भिडली. नावं वेगळी असल्याने शेलला जोडीचा संशयही आला नाही, मग वॉर्निंग कुठून येणार?

युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने हे मिटत नाही. ते र आणि नुक्ता मिळून ऱ करतं, पण जोडकाला हात लावत नाही. आपल्यालाच बदलून घ्यावं लागतं.

नाव बदलून नुसतं ‘नोंद’ केलं. वाईट वाटलं. सातबाऱ्याची_नोंद वाचायला छान होतं.

१८ जून, रविवार

टर्मिनलमध्ये देवनागरी टाईप करताना कर्सर भलत्या जागी थांबतो. काना-मात्राही तो एकेक घर धरतो. ठरलं: सगळे एडिटरमध्ये लिहितील आणि पेस्ट करतील. वाचनालयातल्या एका विंडोज लॅपटॉपवर जुना जावा असल्याने मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली. एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितल्यावर ठीक.

२० जून, मंगळवार

ऑफिसात जाताजाता हेच स्पार्कच्या शेलमध्ये चालवून पाहिलं. जोडीचं पेस्टने जमतं. पण क्षेत्रफळाला व्हॅल्यू क्लास (एकाच किमतीभोवतीचा हलका क्लास) करायला गेलो तर तो म्हणतो, व्हॅल्यू क्लास दुसऱ्या क्लासच्या आत ठेवता येत नाही. तिथलं वेष्टण ऑब्जेक्टचं नसून क्लासचं असतं, म्हणून. साध्या २.१२ मध्ये हेच चाललं होतं. कार्यशाळेशी संबंध नाही, इथेच सोडतो.

२४ जून, शनिवार

रंगीत तालीम. सातबाऱ्यावर १.२०.५० असं लिहिलेलं असेल, म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर, १२,०५० चौरस मीटर, तर शेल सांगतो २ एकर ३९.१ गुंठे. हाताने पडताळलं. बरोबर. अखेर आज पाऊस आला. उद्या घाटात हळू जावं लागेल.

२५ जून, रविवार

नऊ जण आले, शिवाय एक निवृत्त तलाठीकाका. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वाचनालयात पेपर वाचायला आले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

सकाळी मी मुद्दाम क्लास आणि ऑब्जेक्ट वेगळे दिले आणि एरर येऊ दिली. कुणी घाबरलं नाही. एका मुलीने विचारलं, ‘सर, मग ते दोघं एकाच कागदावर हवेत, असंच ना?’ वेष्टणाची आकृती काढायला फळा पुसून ठेवला होता, त्याची गरजच पडली नाही.

दुपारी यादी लावून दाखवली तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. ‘गुंठे झाले, एकर झाले. आणे कुठायत?’ मी म्हटलं, ‘काका, आणे म्हणजे?’ ‘गुंठ्याचे सोळा आणे. गावठाणातली जागा कुणी गुंठ्यात सांगतं का? आणि हिश्श्याचे आणे वेगळे बरं का, रुपयात सोळा. ते यात मिसळू नकोस, नाहीतर भावाभावांत लावून देशील.’

म्हणजे मी ज्या कारणासाठी दार प्रायव्हेट केलं होतं, तेच काका सांगत होते.

चौथं दार लागणार होतं: आण्यांतून. एका मुलाने बाण वर दाबला आणि फक्त ऑब्जेक्ट उचललं. मागून तीन-चार जण एकदम ओरडले, ‘क्लासपण घे, क्लासपण!’ त्याने कोलन-पेस्ट लिहिलं, एडिटरमधून दोन्ही आणले, आण्याची ओळ वाढवली, गुंठा भागिले सोळा. कंट्रोल-डी.

काकांनी पाच आणे सांगितले. शेलने ३१.६१६०६५८ चौरस मीटर दिलं. काकांनी खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला ते भागून पाहू लागले.